पाय माझे, नाव सुखदेवचं

दिवाळी अंकाचे संपादक दुकानात आले आणि म्हणाले, "गांवकर, तुमच्या फुटबॉलच्या कारकिर्दीवर लिहून द्या." मी एका सायकलचं चाक फिरवून बघत होतो. विचारलं, "कोणाच्या? माझ्या की सुखदेवच्या?" ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. गंमत कसली डोंबलाची! माझी कारकीर्द शोधायला गेलात तर कुठंही सापडणार नाही. जुन्या वर्तमानपत्रांत, कपांवर, लोकांच्या तोंडी, सगळीकडं एकच नाव आहे, सुखदेव वानखडे, वडनेर भोलजी. हा सुखदेव जन्मात एक सामना खेळला नाही. त्याच्या नावानं खेळलो तो मी. पुरुषोत्तम गांवकर, घरचे पुरसो म्हणायचे, मूळचा गोव्याचा.

ज्यांनी मला खेळवलं ते सेठजी आता नाहीत, त्यांचे दिवाणजी नाहीत, सुखदेवही नाही. सेठजींच्या कापसाच्या जिनिंगच्या जागेवर प्लॉट पडले आणि त्यांवर लोकांनी घरं बांधली. कोणाची अब्रू जाईल असं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो. आणि खोटं कशाला बोलू, थोडा राग काढायलाही लिहितो.

फुटबॉल खेळून पोट कसं भरायचं, हे आधी सांगायला हवं. त्या काळी खेळायचे पैसे कोणी उघड देत नसे. गिरण्या, कंपन्या, मोठे सेठ आपापली टीम ठेवत. खेळाडू हजेरीवर कामगार म्हणून लागायचा आणि काम एकच, बॉल मारायचा. नांदुऱ्याच्या आमच्या सेठजींची जिनिंग-प्रेसिंग होती. दिवाळी झाली की कपाशीच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत जायची. रेचे म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं. त्यांच्यासमोर बाया बसून कपाशी भरायच्या, सगळीकडं रुईचा धुरळा, नाकातोंडात रुई. होळीच्या पुढंमागं रेचे थांबले की सारे कामगार आपापल्या शेतात. मोसमी काम, मोसमी पोट. वर्षभर कामावर राहायचे ते मोजकेच, फिटर, चौकीदार, ऑफिसातले दोघंचौघं. त्यांना 'बारमाही' म्हणत. नांदुऱ्यात मुलगी देताना पोराचं घर, शेत नंतर विचारत. आधी विचारत, "बारमाही हाय का?"

आणि आमचा फुटबॉल उन्हाळ्यातला. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत पाय घातला तर गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन वर यायचा. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी व्हायची आणि भेगा पडायच्या, पाऊल आत जाईल एवढ्या. मी ज्या मातीत खेळायला शिकलो ती तांबडी, भात कापून झाल्यावर उरलेल्या खुंटांची. तिथं पडलं तर खरचटायचं. इथं पडलं तर हाडावर यायचं.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडं होता. बाप गेल्यावर मी मामासोबत घाट चढून बेळगावात आलो, एका खानावळीत कामाला लागलो, संध्याकाळी खेळायला लागलो. एकदा हुबळीला सामना होता. कापसाच्या सौद्याला आलेले नांदुऱ्याचे सेठजी वेळ काढायला म्हणून मैदानावर बसले होते. सामना संपल्यावर मला बोलावून म्हणाले, "नांदुऱ्याले चलतो का बेटा? काही वर्षं खेळ. पाय थकले का बारमाही नोकरी देतो, चाळीत खोली देतो. तुझ्या मायले घेऊन ये. जबान देतो."

ह्या शब्दावर मी आलो. पुढं जे काही सोसलं ते ह्याच शब्दावर. माझी आई गावात भावकीच्या घरात एका कोपऱ्यात राहत होती. तिला दाराला स्वतःची कडी असलेली खोली द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कप घ्यायची हौस नव्हती मला.

आमच्याकडं देवळाच्या शाळेत मराठी शिकवत, त्यामुळं मला मराठी येतं असा माझा समज होता. नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरलो आणि हमाल म्हणाला, "काऊन बे, कोठी जाऊन राह्यला?" कुठं निघालास, एवढंच विचारत होता तो, हे मला नंतर कळलं. माझा समज त्या फलाटावरच उतरला.

पहिली स्पर्धा खामगावला. तिथला नियम असा की गिरणीच्या टीममध्ये गिरणीचेच कामगार हवेत आणि तेही जिल्ह्यातलेच. मी तर कागदोपत्री परदेशी माणूस! दिवाणजींनी, म्हणजे सेठजींच्या मुख्य कारभाऱ्यांनी, जराही डोकं न खाजवता तोड काढली. रेच्यांना तेल घालणाऱ्या एका पोऱ्याला हाक मारली. माझ्याच वयाचा, माझ्याच अंगलटीचा, रंगही माझ्यासारखाच. तेलाचे हात धोतराला पुसत तो समोर उभा राहिला.

"हा सुखदेव," दिवाणजी मला म्हणाले, "अन् आजच्या दिवस तूही सुखदेव. कोणी इचारलं तर गाव वडनेर भोलजी. जास्त बोलू नको, तुही भाषा अजून कच्ची हाय."

"अन् मले काय करा लागन?" खऱ्या सुखदेवनं विचारलं.

"तुले काही नाही. तिथं कोणी सुखदेव म्हणून हाक मारली तर मान वळवायची नाही, बस."

त्या दिवशी मी तीन गोल केले. लोक "सुखदेव! सुखदेव!" ओरडत होते आणि मला भानच नव्हतं की हे मलाच म्हणतात. गोल करून मी गुपचूप परत फिरायचो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "पोरगं मोठं नम्र हाय बाप्पा!" आजच्या दिवसाचं जे ठरलं होतं ते आठ-नऊ वर्षं चाललं. नांदुऱ्यात पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना खरं ठाऊक होतं, बाहेर कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, हे प्रेम आहे. खरं म्हणजे त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

गोवा मुक्त झाला तेव्हा जिनिंगमध्ये पेढे वाटले. मला खुर्चीवर बसवून हार घातला. मी दिवाणजींना म्हणालो, "आता मी ह्याच देशाचा झालो. आता तरी माझं नाव लावा." ते पेढा चघळत म्हणाले, "अरे वेड्या, आता कसं लावू? चार कप सुखदेवच्या नावानं आले. आज गांवकर म्हटलं तर चारही वापस करा लागतीन. राहू दे ना, नावात का ठेवलं?" ज्याचं नाव शाबूत असतं तो हे सहज म्हणतो.

सुखदेव मात्र माणूस चांगला होता, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. त्यानंच मला सुखदेव व्हायला शिकवलं. कोणी आडवा प्रश्न विचारला तर अडायला नको म्हणून सुट्टीच्या दिवशी मला वडनेरला घेऊन जायचा. हे आमचं शेत, ही विहीर, हा मारुती, हा चुलत्याचा गोठा, ह्याच्याशी आमचं बोलणं नाही. त्याची आई ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढायची आणि म्हणायची, "दोघायचं एकच नाव, तर एकाच ताटात जेवा." माझ्या गावच्या पायवाटा मी विसरत चाललो होतो, पण वडनेरच्या बैलांची नावं मला पाठ होती.

वडनेरला खरं माहीत नव्हतं. सुखदेवच्या आईनं शेजारीपाजारी कळू दिलं नाही. मोठा सामना जिंकला की गावचे लोक बैलगाडी सजवून सुखदेवला मिरवायचे. सुरुवातीला तो लाजून मान खाली घालायचा. मग हळूहळू मान वर आली. एकदा तर लेझीम थांबवून तो लोकांना सांगायला लागला, "तिसरा गोल मी असा डाव्या पायानं..." मी गाडीच्या मागं चाललो होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि जीभ चावली. मी हसलो. तेव्हा हसू यायचं.

त्याच्या लग्नाचं तर विचारूच नका. देऊळघाटचे एक जण मुलगी घेऊन आले, का, तर सुखदेव वानखडेचं नाव त्यांनी बुलढाण्यात ऐकलं होतं. लग्नात मुलीच्या मामानं हट्टच धरला, नवरदेवानं एकदा बॉल मारून दाखवावा. झालं! मांडवात एकच गलका. कोणी तरी बॉल आणला. मी नवरदेवामागं उभा, मुंडावळ्यांतून सुखदेवनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्याऐवजी बोहल्यावरही उभा राहणार होतो. मी हळूच म्हणालो, "खालून मार, अंगठ्यानं नको, आतल्या बाजूनं." त्यानं अंगठ्यानंच मारला. नवा जोडा उडून मामाच्या फेट्यावर आणि बॉल थेट वरणाच्या गंजात! वरण उडालं, बाया किंचाळल्या आणि मामाच म्हणाला, "पाहा बाप्पा, किती जोर हाय पायात!" वऱ्हाड पोट धरून हसलं. नवरी, तिचं नाव शांता, ती मात्र हसत नव्हती. ती त्याच्या अनवाणी पायाकडं बघत होती, मग माझ्या पायांकडं. त्याच दिवशी तिला कळलं असावं. पुढं मी तिला वहिनी म्हणायला लागलो.

हसू कधी आटलं तेही सांगतो. भुसावळच्या टीमशी सामना होता. त्यांच्या बचावात एक उंच माणूस. पहिल्याच धक्काबुक्कीत त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थांबला. "अरे पुरसो! तूं हांगा?"

तू इथं कसा, म्हणून विचारत होता. आंतोन होता तो. आमच्या गावच्या शेजारच्या वाड्याचा. लहानपणी एका शेतात, एका फाटक्या बॉलनं खेळलेलो. किती वर्षांनी कोणी मला माझ्या नावानं हाक मारली होती, तीही माझ्या बोलीत. पण रेषेबाहेर, दहा पावलांवर, दिवाणजी उभे होते आणि त्यांच्या शेजारी स्पर्धेचे पंच. दिवाणजींनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मी आंतोनला म्हणालो, "कोन पुरसो बे? मी सुखदेव. वडनेरचा."

अर्धवेळेत पाणी पिताना तो एकदा जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, त्यांच्या टीममध्ये पुढच्या फळीत एक जागा आहे, कायमची नोकरी आहे, आपण सांगितलं तर साहेब ऐकतो. त्यानं शेवटी विचारलं, "सांगूं तुजें नांव?" दिवाणजी लिंबं वाटायचं निमित्त करून आमच्या मध्ये येऊन उभे राहिले. सामना संपल्यावर मी त्याला शोधायला स्टेशनापर्यंत गेलो. गाडी सुटली होती.

पुढं मी एकदा गावी गेलो. आईनं सगळ्यांना सांगितलेलं, लेक तिकडं मोठा खेळगडी आहे. बसल्या बसल्या एका मास्तरांनी विचारलं, "मग पेपरात कुठं नाव दिसत नाही तुझं?" आईनं माझ्याकडं बघितलं. मी चहा पीत राहिलो. आई तेवढ्यात म्हणाली, "नांव आमका कित्याक? खोली मेळटली त्याका." म्हणजे, आम्हांला नाव कशाला, त्याला खोली मिळणार आहे. तिनंही त्याच शब्दावर विश्वास टाकला होता.

आता शेवटच्या सामन्याचं. सेठजींनी स्वतःच्याच आवारात स्पर्धा भरवली. फार मोठे पाहुणे येणार होते. मैदान म्हणजे जिनिंगचं कपाशीच्या गंज्या लावायचं पटांगण, उन्हानं फाटलेलं. भेगा बुजवायला माती आणायला वेळ नव्हता, आणि जिनिंगमध्ये रुईच्या झाडणीला काय तोटा? दिवाणजींनी भेगांत तो रुईचा कचरा ठासून भरला, वरून मातीचा हात फिरवला, टँकरनं पाणी मारलं. मैदान आरशासारखं दिसायला लागलं. पाहुणे म्हणाले, वा! भरायच्या कामावर सुखदेवही होता. सामन्याआधी माझ्या बुटांच्या वाद्या बांधताना तो मला म्हणाला, "भाऊ, पडक्या गोडाऊनच्या बाजूनं पळू नको. तिथं आत निसती रुई हाय."

मी पळालो. बॉल तिकडंच होता. खेळताना माणूस बॉलकडं बघतो. शेवटची काही मिनिटं उरली होती, बरोबरी होती. मी एकाला चुकवला, पाय टेकला, तो आत गेला, आणि मागून येणारा गडी माझ्यावर आदळला. पण पडता पडता मी बॉल ढकलला होता. गोल झाला म्हणे. मला फक्त आवाज ऐकू आला, लाकूड मोडल्यासारखा. तो माझ्या पायाच्या नळीचा होता.

मला खाटेवर घालून उचललं तेव्हा लाउडस्पीकर सुरू झाला. सेठजींचा आवाज भरून आला होता, नाटक नव्हतं ते. "आमच्या सुखदेवनं आज गिरणीसाठी पाय दिला. मी सगळ्यांसमोर जाहीर करतो. सुखदेव वानखडेले आजपासून बारमाही नोकरी. चाळीत खोली. हयातीपर्यंत!" टाळ्यांचा कडकडाट. पाय लोंबत होता, मी कळवळत होतो, आणि तरी मला हसू आलं. मिळाली, आईची खोली मिळाली. खाटेच्या एका टोकाला सुखदेव होता. तो रडत होता.

खामगावच्या दवाखान्यात पायाला पलस्तर घालून मी पडलो. सुखदेव जलंबला गाडी बदलून रोज भाकर घेऊन यायचा. माझं अंग पुसायचा, भांडं उचलायचा. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं त्यानं. मग दोन-चार दिवस आला नाही. आला तेव्हा हातात पेढ्याचा पुडा होता.

"पोरगी झाली भाऊ," तो म्हणाला.

मी पेढा घेतला. तो बसला नाही. कॉटचा दांडा धरून उभाच राहिला.

"दिवाणजीनं बोलावलं होतं. खोलीची किल्ली देली."

"तुझ्याकडं कशाला? मी आल्यावर घेतली असती."

"तुह्यासाठी नाही देली भाऊ. मले देली."

मला कळायला वेळ लागला. तो जमिनीकडं बघत बोलत होता. दिवाणजींनी म्हणे सांगितलं, सेठनं सुखदेवचं नाव घेतलं, हजेरीवर सुखदेव आहे, गांवकर हजेरीवर कधी नव्हताच. ज्याचं नाव त्याची नोकरी. देऊळघाटहून सासरा आला होता, तो हे ऐकून खुशीनं नाचायलाच लागला.

"मग तू काय बोललास?"

"मी काय बोलू भाऊ?"

"सांगायचं की! खेळला तो गांवकर. सेठले जाऊन सांग. आत्ता जा."

"जातो," तो म्हणाला. खरंच गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. मी दारापासून त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तो जवळ आला, पिशवीतून भाकर काढून माझ्या उशाशी ठेवली आणि म्हणाला, "मी दाराशी गेलतो. आत नाही गेलो. पोरगी हाय, माय म्हातारी झाली, जिनिंग सहा महिने बंद राह्यते. मी काय करू भाऊ? अन् नाव तं माह्यंच होतं ना?"

मी भाकर उचलून त्याच्या अंगावर फेकली. बाजूच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. सुखदेवनं भाकरीचे तुकडे वेचले, पिशवीत घातले आणि गेला.

कुबड्या घेऊन मी सेठजींकडं गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, दूध मागवलं. म्हणाले, "बेटा, मी विसरलो नाही. पण हजारो लोकायसमोर सुखदेव म्हटलं. आता कसं सांगू का आम्ही इतके वर्षं सगळ्यायले फसवलं? माझी इज्जत जाईल, टीम जाईल. तू सुखदेवच्या खोलीत राह्य ना! तो काय परका हाय?" मी दूध प्यायलो नाही. आणखी काय करणार होतो? ओरडून सांगितलं असतं तर खामगाव-अकोल्यात मीच तोतया ठरलो असतो. चोर ठरलो असतो आपल्याच गोलांचा.

गावी तोंड कसं दाखवू म्हणून नांदुऱ्यातच राहिलो. पाय आखूड झाला. स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, जोडीला फाटके बॉल शिवून द्यायला लागलो. बॉल शिवणं सोपं वाटतं, पण टाका आतून घ्यावा लागतो आणि शेवटचा टाका आंधळ्यासारखा, बोटांनी चाचपून. ते मला चांगलं जमतं. आई आली नाही. कुठं आणणार होतो? ती भावकीच्या त्याच कोपऱ्यात वारली.

सुखदेवशी मी बोललो नाही. एकाच गावात, रोज समोरून जाणं, आणि बोललो नाही. तो दुकानात यायचा. सायकल उभी करायचा, पंप उचलायचा, हवा भरायचा. हवा भरायची गरज नसली तरी भरायचा. मी मान खाली घालून काम करत राहायचो. मग तो पंप जागेवर ठेवून, "येतो भाऊ," म्हणून निघायचा. असं वर्षानुवर्षं. एकदा जरी मी "ये" म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं, असं लोक म्हणतात. म्हणोत. खोली त्यांची गेली नव्हती.

मग एका सकाळी तो छातीत कळ येऊन गेला. जिनिंगमध्येच, रेच्याच्या पायाशी.

वडनेरच्या शाळेत शोकसभा ठेवली. शाळेच्या मैदानाला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. मला बोलावणं आलं, "सुखदेवभाऊंचे जिवलग दोस्त" म्हणून. जाणार नव्हतो, पण शांतावहिनींनी मुलीला पाठवलं, तेव्हा गेलो. मांडवात खुर्चीवर फोटो होता, मोठा करून काच लावलेला, गुलाबाचा हार घातलेला, पुढं उदबत्ती. फोटो अकोल्याच्या सामन्यातला. खेळाडू हवेत उडी मारून डोक्यानं बॉल मारतोय, चेहरा बॉलआड गेलेला. त्या खेळाडूचे गुडघे मी ओळखतो. डाव्या पोटरीवरचा व्रणही ओळखतो, अजून माझ्या पायावर आहे. माझ्या फोटोला हार घातलेला मी जिवंतपणी पाहिला.

भाषणं झाली. सरपंच म्हणाले, वडनेरच्या मातीचा हिरा. एकानं भुसावळचा गोल सांगितला, दुसऱ्यानं खामगावचे तीन. एकजण म्हणाला, शेवटच्या सामन्यात पाय मोडला तरी सुखदेवनं गोल केला, आणि काय त्याची जिद्द, पुढं चालताना कधी लंगडला नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझा आखूड पाय बाकाखाली ओढून घेतला.

मग माझं नाव पुकारलं. उठलो. सगळं बोलायचं ठरवून आलो होतो मी. तोंडाशी आलेलं होतं. समोर बायकांत वहिनी बसल्या होत्या, पदर कपाळापर्यंत. फोटोकडं बघत नव्हत्या. जमिनीकडं बघत होत्या.

मी म्हणालो, "सुखदेव रेच्यांना तेल घालायचा. त्याच्यासारखा तेलवाला नांदुऱ्यात झाला नाही. रेच्याच्या आवाजावरून तो सांगायचा, कुठं गरम होऊन राह्यलं. एकदा एका बाईच्या बांगडीत कपाशी अडकली, हात आत ओढला जात होता. फिटर ओरडत होता, मुकादम पळत होता. सुखदेवनं नुसत्या हातानं चालत्या रेच्याचा पट्टा उतरवला. त्याच्या तळव्याची साल निघाली. बाईचा हात वाचला. त्याच्या पाळीत कोणत्याच बाईचं बोट गेलं नाही. मी इतकंच सांगतो."

लोक थांबले होते. त्यांना वाटलं, आता फुटबॉलवर येईल. मी माइकपासून बाजूला झालो तेव्हा चार-दोन टाळ्या वाजल्या. सरपंच माइक ओढून म्हणाले, "गांवकरभाऊ भावनेच्या भरात बॉलबद्दल बोलायचं विसरले!" मांडव हसला.

फुलं वाहायला रांग लागली. माझ्याही हातात कोणी फुलं कोंबली. फोटोजवळ वहिनी उभ्या होत्या. मी समोर आलो तेव्हा त्यांनी पदर थोडा मागं केला. डोळे लाल झाले होते. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमी एकटेच त्यायच्याबद्दल बोलले भाऊ. बाकी सारे तुमच्याबद्दलच बोलून राह्यलते."

मागून रांग ढकलत होती. फुलं मी सदऱ्याच्या खिशात घातली आणि फाट्यावर जाऊन नांदुऱ्याच्या बसची वाट बघत उभा राहिलो.